डेब पॅकेजचं बिल्ड फुटतंय? आधी रूल्स फाइल उघडा

डेब पॅकेज (डेबियन, उबुंटूवर सॉफ्टवेअर इन्स्टॉल करायची फाइल) बनवताना बिल्ड फुटलं की बहुतेक वेळा घोळ डेबियन फोल्डरमधल्या रूल्स फाइलमध्ये निघतो, कारण पोरं ती शेल स्क्रिप्ट समजून लिहितात. ती मेकफाइल आहे राव, म्हणजे मेक या बिल्ड टूलसाठीची सूचनांची फाइल! पहिल्याच ओळीत मेकचं नाव असतं, पण वाचतंय कोण.

एरर बघताना शेवटची ओळ सोडून द्या, तिथे फक्त एक्झिट स्टेटस २ असं काहीतरी असतं, त्यातून काही कळत नाही. वर स्क्रोल करत जाऊन पहिली एरर शोधा, पॅरलल बिल्ड (एकाच वेळी अनेक कामं चालणारं) असेल तर ती बरीच वर सापडते.

'मिसिंग सेपरेटर' आलं तर टॅबचा घोळ. मेसेज पुणेरी पाटीसारखा तुटक आहे पण लाइन नंबर देतो. टार्गेटखालची (मेकफाइलमधल्या एकेका कामाच्या नावाखालची) कमांड टॅबनेच सुरू व्हायला हवी आणि एडिटर गुपचूप स्पेस घालतो, म्हणून फाइलवर कॅट हायफन कॅपिटल ए मारा, ओळीच्या सुरुवातीला टोपीवाला आय दिसला तर टॅब आहे, नुसती मोकळी जागा दिसली तर स्पेस.

दुसरं म्हणजे मेक प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये चालवतो, त्यामुळे एका ओळीत सीडी करून फोल्डर बदललात तरी पुढच्या ओळीला त्याचा पत्ता नसतो. दोन्ही कमांड एकाच ओळीत डबल अँपरसँडने जोडा. आणि शेलचं व्हेरिएबल वापरायचं असेल तर डॉलर दोनदा लिहा, नाहीतर मेक डॉलरनंतरचं एकच अक्षर स्वतःचं व्हेरिएबल समजून गिळतो आणि उरलेली अक्षरं तशीच शेलकडे जातात, मग बसा शोधत.

आता ओव्हरराइड, म्हणजे डेबहेल्परच्या (डीएच नावाने सुरू होणाऱ्या पॅकेजिंग कमांड्सच्या) एखाद्या पायरीऐवजी रूल्समध्ये आपलं टार्गेट लिहिणं, खरी डोकेदुखी इथे आहे. डीएच ऑटो इन्स्टॉलचं (फाइली इन्स्टॉल करणाऱ्या पायरीचं) ओव्हरराइड लिहिलंत की मूळ कमांड चालतच नाही, ती आत स्वतः बोलवावी लागते. विसरलात तर बिल्ड मस्त पास होतं आणि पॅकेज जवळपास रिकामं निघतं. नुसतं नंतर काहीतरी करायचं असेल तर ओव्हरराइडच्या फंदात पडू नका, कम्पॅट (पॅकेज डेबहेल्परचे कोणत्या पातळीचे नियम पाळतं तो आकडा) १० पासून 'एक्झिक्यूट आफ्टर' टार्गेट मिळतं, माझ्या मते तेच वापरावं.

फाइली यूएसआर लोकलमध्ये जातायत म्हणून डीएच यूएसआरलोकल ही कमांड ओरडत असेल तर मूळ सॉफ्टवेअरच्या मेकफाइलचा प्रीफिक्स (फाइली कुठल्या फोल्डरखाली जातात तो पाथ) बदला, डीएच ऑटो इन्स्टॉलला दोन हायफन देऊन पुढे प्रीफिक्स यूएसआर लिहिलं की झालं. पण परमिशन डिनाइड येत असेल तर ती मेकफाइल डेस्टडिरला (फाइली खऱ्या सिस्टिमऐवजी तात्पुरत्या फोल्डरमध्ये टाकायला सांगणारं व्हेरिएबल) जुमानत नाहीये, तिला पॅच मारा, सुडो लावून बिल्ड अजिबात करू नका.

कम्पॅट १३ मध्ये डीएच मिसिंग (सुटलेल्या फाइली तपासणारी कमांड) कडक झालंय, डेबियन/टीएमपी या तात्पुरत्या फोल्डरमधली एखादी फाइल कुठल्याच पॅकेजमध्ये गेली नाही तर थेट फेल. नको असलेली फाइल डेबियन फोल्डरमधल्या नॉट-इन्स्टॉल्ड या फाइलमध्ये लिहा.

हिंजवडीच्या ऑफिसात चालतंय पण दुसरीकडे नाही, अशी केस असेल तर एसबिल्ड या टूलच्या स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून वेगळ्या, कोऱ्या वातावरणात) चालवून बघा, बिल्ड-डिपेंड्समध्ये (बिल्डला लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) काय राहिलंय ते लगेच उघडं पडतं. नेट लागणाऱ्या टेस्टही अशाच मरतात, तेवढ्याच वगळा, तपासण्यापुरतं नोचेक (सगळ्या टेस्ट वगळणारा पर्याय) चालेल. शेवटी डीपीकेजी-डेब हायफन सी मारून फाइली आत आल्यात का बघा आणि मग पॅकेजमधल्या चुका दाखवणारं लिंटियन चालवा.