लेंडीत अंडी नाहीत, एवढ्यावर कृमी नाकारू नका
पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षी एका मेंढीच्या शवविच्छेदन अहवालात मी ‘लेंडीत अंडी नाहीत, सबब लिव्हर फ्लूकची (यकृतातील चपट्या कृमीची) बाधा नाही’ असे ठामपणे लिहिले होते. अंगाने भरलेली ती मेंढी आदल्या संध्याकाळपर्यंत चरत होती आणि सकाळी मेलेली आढळली. कातड्याची आतली बाजू रक्त साकळून काळपट झाली होती. ‘ब्लॅक डिसीज’ हे नाव त्यावरूनच पडले, हे मला पाठ होते. तरीही त्या एका वाक्याने मी रोगाचे निम्मे कारण खोडून टाकले.

या चुकीबद्दल सविस्तरच लिहितो, कारण नवख्यांकडून ती हमखास होते. फॅसिओला हेपॅटिका, म्हणजे हाच लिव्हर फ्लूक, पोटात गेल्यापासून त्याची अंडी लेंडीत दिसेपर्यंत साधारण १० ते १२ आठवडे जातात. यकृताची नासधूस मात्र त्याआधीच, अपरिपक्व कृमी पित्तनलिकांकडे जाताना ऊती पोखरतात तेव्हा होते. ब्लॅक डिसीज घडवणाऱ्या क्लोस्ट्रिडियम नोव्ही या जिवाणूचे बीजाणू कृमी आपल्याबरोबर आणत नाहीत. ते निरोगी मेंढीच्या यकृतातही सुप्तावस्थेत असू शकतात. पोखरलेल्या वाटेवरची ऊती मेली, तेथील प्राणवायू संपला, की बीजाणू रुजतात आणि त्यांच्या विषाने जनावर झटपट दगावते. ज्यांनी यकृत पोखरले, ते कृमी अजून अंडी घालण्याच्या वयाचेच नसतात.

माझे मार्गदर्शक रागावले नाहीत. त्यांनी यकृताचे पातळ काप कोमट पाण्यात पिळायला लावले आणि भांड्याच्या तळाशी तांदळाच्या कणीएवढे फिकट कृमी दिसले. परीक्षेच्या तयार टिपणांत हे मला कधी आढळले नाही; त्या टिपणांविषयी माझे मत तेव्हापासून वाईटच आहे.

उलट बाजूनेही घसरू नका. बीजाणू निरोगी यकृतातही असतात आणि मृत्यूनंतर जिवाणू वेगाने वाढतात, म्हणून केवळ प्रयोगशाळेतील संवर्धनात जिवाणू उगवले, एवढा पुरावा पुरत नाही. ताज्या शवात लालसर कडेचा फिकट, मृत ऊतीचा डाग शोधावा. माणसातील जंत किंवा क्लोनॉर्किस (माणसाच्या पित्तनलिकांतील चपटा कृमी) यांच्यामुळे होणाऱ्या जिवाणू-संसर्गांच्या लांब याद्यांनी मात्र घाबरू नये. तेथे कृमी पित्तमार्ग अडवतात आणि साचलेल्या पित्तात आतड्यातील जिवाणू वाढतात, एवढे समजले की बरेचसे पाठांतर वाचते.

माझा अहवाल तसाच गेला असता, तर उरलेल्या कळपाला फक्त जिवाणूची लस मिळाली असती. कोणी कृमिनाशक सुचवले असते, तरी अल्बेंडाझोल प्रौढ फ्लूकवरच चालते. यकृत पोखरणाऱ्या कोवळ्या कृमींसाठी ट्रायक्लाबेंडाझोलच लिहावे लागले.