कॉर्टिसॉलचं रक्त देताना

दादरच्या लॅबमध्ये रक्त काढता काढता मला बावीस वर्षं झाली. चिठ्ठीवर 'कॉर्टिसॉल' असलं की हमखास प्रश्न येतो, "ताई, उपाशी यायचं का?" डॉक्टरांनी सांगितलं असेल तर या, पण त्याहून जास्त घड्याळ सांभाळा. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी हे हार्मोन पहाटे भरपूर सोडतात, मध्यरात्री ते तळाला गेलेलं असतं. म्हणून रक्त आठच्या सुमारास. दुपारी दिलंत तर धडधाकट माणसाचाही आकडा कमी दिसेल.

विरारहून लोंबकळत येऊन, दादरचा पूल चढून थेट खुर्चीत बसू नका. धावपळीनेही कॉर्टिसॉल चढतं. साडेसातला पोहोचा, अर्धा तास बाकावर टेका. रात्रपाळी असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, तुमच्या शरीराची सकाळ वेगळी असते.

आता औषधं. इथेच सगळे लपवतात, किंवा त्यांना ते औषध वाटतच नाही. दम्याचा पंप, गुडघ्यातलं इंजेक्शन, कुणीतरी दिलेली गोरं करणारी क्रीम, सगळं सांगा. त्यांत स्टेरॉईड असू शकतं आणि त्याने ग्रंथी सुस्तावतात. प्रेडनिसोलोनची गोळी तर काही मशीन कॉर्टिसॉल समजूनच मोजतात. गर्भनिरोधक गोळ्यांनी आकडा फुगतो, केसांसाठी घेतलेल्या बायोटिननेही काही मशीन फसतात. पण स्टेरॉईड आपल्या मनाने बंद करायचं नाही, जिवावर बेतू शकतं.

सोबत एसीटीएच (मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचं, अ‍ॅड्रिनलला कामाला लावणारं हार्मोन) लिहिलं असेल तर ट्यूबकडे लक्ष ठेवा. जांभळ्या टोपणाची, आधीच गार केलेली, रक्त घेताच बर्फात. पूर्वी मी जिथे होते तिथल्या पोऱ्याने मे महिन्यात ती तशीच पिशवीत टाकून अंधेरीला नेली. उकाड्यात हे हार्मोन मोडतं. कॉर्टिसॉल कमी असताना एसीटीएच जास्त आलं तर दोष अ‍ॅड्रिनलचा. इथे ते खोटंच कमी आलं आणि डॉक्टर पिट्युटरीच्या मागे लागले. पेशंटला पुन्हा सुई. मात्र रक्तदाबाच्या तपासणीत कधी रेनिन लिहिलेलं असतं, त्याची ट्यूब बर्फात ठेवायची नाही, गारव्याने त्याचा आकडा उगाच वाढतो.

सकाळचं कॉर्टिसॉल डेसिलिटरमागे ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आलं तर डॉक्टर सावध होतात, १५-१८ च्या वर असेल तर बहुधा ग्रंथी ठीक. मधलं आलं की एसीटीएचचं २५० मायक्रोग्रॅम इंजेक्शन देऊन ३० आणि ६० मिनिटांनी पुन्हा रक्त घेतात. सकाळ मोकळी ठेवा.

कुशिंगचा, म्हणजे कॉर्टिसॉल जास्त होण्याच्या आजाराचा संशय असेल तर उलटा खेळ: रात्री ११ ला डेक्सामेथासोन या स्टेरॉईडची १ मिलिग्रॅम गोळी, सकाळी आठ-नऊला रक्त. आकडा १.८ च्या खाली उतरायला हवा. गोळीसाठी मोबाईलवर गजर लावा; विसरलात तर तसं सांगा, मी रागावत नाही.

निघण्याआधी ट्यूबवर तुमचं नाव आणि रक्त काढल्याची वेळ लिहिलीय ना, तेवढं वाचून घ्या.