दात दाखवायला आलो, बोट कशाला टोचता?

पंचवटीतल्या माझ्या दवाखान्यात हा प्रश्न रोजचा. तरी चाळिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मी घेतेच, आणि काहींची बोट टोचून साखरही बघते. दंतवैद्य मित्रांनो, पेशंटला खुर्चीवर बसवल्या बसवल्या मात्र बीपी घेऊ नका. ड्रिलच्या आवाजानेच आकडा चढतो. बाहेर पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, गप्पा बंद. पट्टा उघड्या दंडावर, छातीच्या पातळीत. दोन मिनिटांनी पुन्हा मोजा. १४०/९० किंवा वर असेल तर फिजिशियनला चिठ्ठी. १८०/११० गाठलं तर दात काढणं पुढे ढकला.

साखर कुणाची बघायची? हिरड्या सारख्या सुजतात, दात हलतात, तोंड कोरडं पडतं किंवा घरात कुणाला मधुमेह आहे, त्यांची. आधी हात साबणाने धुवायला लावा, नुसत्या स्पिरिटवर भागवू नका. निफाडचे एक काका द्राक्षं खुडून तसेच आले होते. ग्लुकोमीटरवर २६०! माझ्याच पोटात गोळा आला. हात धुवून, कोरडे करून दुसरं बोट टोचलं, तर ११८. बोटाच्या कडेला टोचा, टोकावर जास्त दुखतं. शेवटचं खाणं कधी झालं तेही लिहा. आकडा २०० च्या वर गेला तरी ‘तुम्हाला शुगर आहे’ असं आपण जाहीर करायचं नाही. लॅबमधून एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) करून फिजिशियनला दाखवायला सांगायचं.