गाण्याबरोबर इलेक्ट्रॉनिक ड्रम वाजवताना या चुका टाळा

ठेका गाण्याच्या मागे पडतोय असं वाटलं की बहुतेक जण हातांना दोष देतात आणि सराव वाढवतात. सराव हवाच, पण त्याआधी तुमच्या ठोक्याचा आवाज कानापर्यंत कोणत्या वाटेने येतो ते तपासा.

सर्रास होणारी चूक म्हणजे ब्लूटूथ हेडफोन. पॅडवर काठी पडली की मॉड्यूल (ड्रमचे आवाज तयार करणारा डबा) काही मिलिसेकंदांत आवाज देतं. तेवढा उशीर सहसा जाणवत नाही. पण साध्या ब्लूटूथवरून तोच आवाज कानात पोचायला सहज १५० ते २०० मिलिसेकंद लागतात. १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० मात्रा) गाण्यात एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे पाव मात्रा १२५ ची. तुमचा स्नेअर (किटमधला कडक आवाजाचा ड्रम) पाव मात्रेहून जास्त उशिरा ऐकू येत असेल, तर कितीही तयारीचा हात असला तरी लय डगमगणारच. हेडफोन तारेचेच घ्या आणि थेट मॉड्यूलला लावा.

आता याच्या नेमकं उलट: फोनमधलं गाणं ब्लूटूथने मॉड्यूलमध्ये येत असेल आणि हेडफोन तारेचे असतील, तर काळजी नको. गाणं थोडं उशिरा सुरू होईल, पण तुम्ही साथ देता ती कानावर पडणाऱ्या गाण्यालाच. ताल जुळतो. हा फरक माहीत नसल्यामुळे लोक चांगली सोय उगाच बंद करून ठेवतात.

कॉम्प्युटरमधले ड्रमचे आवाज वापरत असाल तर ऑडिओ सेटिंगमधला बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्याआधी कॉम्प्युटर त्याचे जेवढे नमुने (सॅम्पल) साठवतो तो आकडा, कमी करा. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ सॅम्पलचा बफर सुमारे ११.६ मिलिसेकंद घेतो, १२८ चा जेमतेम ३. आवाज तडतडायला लागला तर एक पायरी वर जा. प्रत्येक ठोका दोनदा ऐकू येत असेल, तर मॉड्यूल आणि कॉम्प्युटर दोघंही वाजताहेत. मॉड्यूलचा ‘लोकल कंट्रोल’ (पॅडच्या ठोक्यावर मॉड्यूलने स्वतः वाजणं) बंद करा.

गाण्यातला गायकच गायब झाला? बहुधा जॅक अर्धवट बसलाय. ग्राउंडचा (दोन्ही कानांच्या सामाईक तारेचा) संपर्क तुटला की डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखं असलेलं सगळं कापलं जातं, आणि गायकाचा आवाज बहुतेक वेळा मधोमधच असतो. पिन पूर्ण आत दाबा. आणि लॅपटॉप जोडल्यावर घूं घूं येत असेल तर चार्जर काढून बघा.

आवाजाच्या तोलाबद्दल मात्र मी आग्रही आहे. गाणं मोठं ठेवलं की मूळ ड्रमर तुमच्या चुका झाकतो. त्याचा स्नेअर तुमच्या स्नेअरवर बसतो आणि आपण बरोबर आहोत असं वाटत राहतं. किट मोठं ठेवलं तर गाणं ऐकूच येत नाही, आणि मग दोन्ही वाढवत जाण्याचा मोह होतो. तसं करू नका. ८५ डेसिबल आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो असं धरलं, तर दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९४ ला फक्त १ तास उरतो. दोन्ही बटणं खाली आणा, मग गाणं इतकं ठेवा की बास आणि गायक स्पष्ट कळतील आणि तुमचा स्नेअर त्यांच्या किंचित वर राहील. ड्रम काढून टाकलेली गाण्याची आवृत्ती मिळाली तर सोन्याहून पिवळं.

जुन्या गाण्यांवर मॉड्यूलचा मेट्रोनोम (एकसारख्या वेगाने वाजणारा क्लिक) लावण्याचा हट्टही सोडा. क्लिकशिवाय ध्वनिमुद्रित झालेल्या गाण्यांची लय कडव्यात सैलावते, धृपदाला पुढे सरकते. तिथे क्लिक बरोबर असूनही तुम्हाला चुकवतो. बासच्या मागोमाग जा. अवघड जागा असेल तर अ‍ॅपमध्ये स्वर न बदलता वेग ७० टक्क्यांवर आणा, तेवढाच तुकडा फिरवा, आणि मॉड्यूलमध्ये रेकॉर्डिंगची सोय असेल तर फक्त स्वतःचे ड्रम, गाण्याशिवाय, ऐका.