सामाईक ऑनलाइन तास? आधी वेळापत्रकं जुळवा

एका केंद्रातल्या, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटातल्या, चार-पाच जिल्हा परिषद शाळा मिळून एकाच शिक्षकाचा ऑनलाइन इंग्रजीचा तास घेणार असतील, तर अ‍ॅप कुठलं हा वाद नंतर घाला. आधी सगळ्यांची वेळापत्रकं एका कागदावर मांडा. मधली सुट्टी कुणाची कधी, कुणाची कधी. शनिवारी तर सकाळची शाळा. त्यामुळे परिपाठ संपल्यावरचा पहिलाच तास बरा पडतो. गावच्या जत्रेची सुट्टी मुख्याध्यापकांना आधीच विचारा, ती हमखास राहून जाते. टीव्हीजवळ त्या-त्या शाळेचे शिक्षक हवेतच, मागच्या बाकावरचा गोंधळ कॅमेऱ्यात दिसत नाही. वीज गेली तर? स्वाध्याय आदल्या दिवशीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागवून छापून ठेवा. हजेरी ज्याच्या त्याच्या शाळेत.