जुना, स्वस्तातला चेनसॉ: पारख आणि निगा

पेट्रोलवर चालणारा जुना चेनसॉ घेताना बाहेरच्या प्लास्टिकवरचे ओरखडे पाहत बसू नये. व्यवहार करायचा की नाही, हे पिस्टन ठरवतो. इंजिन थंड असताना सायलेन्सर सोडवला की धूर बाहेर पडण्याच्या छिद्रातून पिस्टनची बाजू दिसते. ती गुळगुळीत असेल तर बोलणी पुढे न्यावीत; पण तिच्यावर उभे, खोल चरे असतील, तर यंत्र तेलाविना चालले किंवा इंधनाच्या मानाने जास्त हवा ओढून तापले असे समजावे आणि विक्रेता कितीही उतरला तरी ते सोडून द्यावे, कारण स्वस्त यंत्राला नवा पिस्टन-सिलिंडर बसवण्याचा खर्च बहुधा त्याच्या किमतीलाच जाऊन भिडतो.

याउलट, सिलिंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) चांगला असूनही सुरू न होणारा चेनसॉ अनेकदा फायद्याचा सौदा ठरतो. कडक होऊन तडकलेली इंधननळी, तुंबलेला फिल्टर किंवा कार्ब्युरेटरमधला ताठरलेला पातळ पडदा हीच बहुतेकदा कारणे असतात आणि हे भाग स्वस्त असतात, मात्र त्या मॉडेलचे सुटे भाग मिळतात का, हे आधीच विचारून घ्यावे. ॲक्सिलरेटर सोडल्यावरही इंजिनाचा वेग लवकर उतरत नसेल, तर कुठून तरी हवा आत शिरत असण्याची शक्यता असते. अशा वेळी कार्ब्युरेटरचे स्क्रू फिरवून दोष झाकणे म्हणजे पिस्टन जाळण्याची तयारी करणे होय.

पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोक तेलाचे प्रमाण यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे: ५०:१ साठी पेट्रोलच्या लिटरमागे २० मिली, ४०:१ साठी २५ मिली. मिश्रण महिनाभरात संपेल एवढेच करावे आणि यंत्र बरेच दिवस ठेवायचे असल्यास टाकी रिकामी करून ते आपोआप बंद पडेपर्यंत चालवावे.

खरी मेहनत चेनला लागते. लाकडातून पापुद्र्यांऐवजी पीठ पडू लागले की धार गेली असे समजावे. कानस चेनच्या मापाचीच हवी (लहान यंत्रांवरील ३/८ इंच लो-प्रोफाइल चेनला सामान्यतः ४ मिमीची लागते) आणि ती आतून बाहेर, एकाच दिशेने चालवावी. सगळे दात सारख्या लांबीचे राहिले नाहीत, तर काप वाकडा जातो. दातापुढचा उंचवटाही अधूनमधून घासावा लागतो. तो दाताच्या धारेपेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. जास्त घासल्यास चेन लाकडात रुतते आणि यंत्र अचानक मागे उसळून झटका बसण्याचा धोका वाढतो. धार लावताना बारही (चेन जिच्या कडेवरून फिरते ती पट्टी) उलटा करून बसवावा, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. चेनला तेल पोहोचते का, हे पाहण्यासाठी बारचे टोक फिकट लाकडासमोर धरून इंजिनाचा वेग वाढवावा. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

चेनचा ब्रेक लावताच चेन तत्काळ थांबत नसेल, तर दुरुस्ती होईपर्यंत यंत्र लाकडाला लावू नये.