द्राक्षबागेसाठी छोटा ट्रॅक्टर आणि औजारे कशी निवडावीत

गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) होऊन अठरा-वीस दिवस झालेत, नव्या फुटी पाच-सहा पानांवर आल्यात आणि रात्री बेमोसमी पाऊस पडून गेलाय. सकाळी बागेत शिरावे तर चिखल पायाला सोडत नाही. डाऊनी रोगाचे औषध आजच पडायला हवे, उद्यावर ढकलता येत नाही. छोट्या ट्रॅक्टरची खरी परीक्षा अशा सकाळी होते. शोरूमच्या फरशीवर सगळेच ट्रॅक्टर चांगले दिसतात.

आपल्याकडे बहुतेक जण आधी ट्रॅक्टर घेतात आणि मग त्याला कोणता ब्लोअर, म्हणजे पंख्याचा फवारणी यंत्र, बसेल ते विचारत फिरतात. मीही तेच केले होते आणि दोन हंगामांत तो ट्रॅक्टर तोट्यात विकावा लागला. म्हणून सांगतो, आधी बाग मोजा, मग औजार ठरवा, ट्रॅक्टर सगळ्यात शेवटी. खालचे हिशेब तीन एकर बाग, ९ बाय ५ फुटांची लागवड, वाय पद्धतीचा मांडव आणि काळी जमीन धरून केले आहेत. डाळिंब किंवा पेरूची बाग असेल तर आकडे बदलतील, पद्धत हीच राहील.

पहिली पायरी: टेप घेऊन बागेत जा

कागदावर दोन ओळींत ९ फूट असतात. पण बोद, म्हणजे वेलींखालचे मातीचे वरंबे, दोन्ही बाजूंनी फूटभर आत येतात आणि वर वायचे हात ओळीच्या मधे झुकलेले असतात. त्यात पानोरा भरला की मोकळी जागा चार-साडेचार फुटांवर येते. त्यामुळे तीन उंचीवर मोजा: जमिनीलगत बोदापासून बोदापर्यंत, ट्रॅक्टरच्या चाकाच्या उंचीला आणि चालवणाऱ्याच्या खांद्या-डोक्याच्या उंचीला. मोजमाप छाटणीनंतरच्या उघड्या बागेत घेऊ नका. पानोरा पूर्ण भरलेला असताना, सगळ्यात दाट ओळीत घ्या.

मी एक साधी युक्ती करतो. बांबूच्या दोन काठ्या आडव्या-उभ्या बांधून ट्रॅक्टरच्या रुंदीएवढी चौकट करायची आणि दोघांनी ती धरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओळीतून चालत जायचे. फूट कुठे घासते, घड कुठे लागतो, मांडवाचा कुठला अँगल (लोखंडी खांब) कललाय, हे पंधरा मिनिटांत कळते. माझ्या बागेत साडेतीन फुटांची चौकट आरामात गेली, चार फुटांची सात ठिकाणी अडकली. ट्रॅक्टरची बाहेरून बाहेर रुंदी किती हवी हे तिथेच ठरले. ही रुंदी माहितीपत्रकात असते, पण मागची चाके रिमवर उलटी बसवून ती कमीजास्त करता येते. तुमच्यासाठी ती कशी बसवून देणार, ते लिहून घ्या.

मग ओळींच्या टोकाची मोकळी पट्टी मोजा. ताणाच्या तारा जिथे जमिनीत जातात तिथपासून बांधापर्यंत. मागे ओढायचा ब्लोअर जोडला की एकूण लांबी सोळा-अठरा फुटांवर जाते. पट्टी अपुरी असेल तर लगतच्या ओळीत न वळता एक ओळ सोडून शिरायचे, म्हणजे वळण मोठे मिळते. त्यानेही भागत नसेल तर टोकाची एकेक वेल काढावी लागेल. ते ट्रॅक्टर घेण्याआधी ठरवा.

दुसरी पायरी: सगळ्यात जड काम शोधा

वर्षभराची कामे लिहून काढा: फवारणी, आंतरमशागत, तण काढणे, बोदावर शेणखत नेणे, चारी (चर) घेणे, छाटणीच्या काड्या बाहेर काढणे किंवा बारीक करणे, क्रेट वाहणे. द्राक्षात या यादीत फवारणी सगळ्यात वर असते, तास मोजले तरी आणि ताकद मोजली तरी. म्हणून ब्लोअर आधी ठरवायचा.

हिशेब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. ९ फुटांच्या ओळींनी भागले तर एकरात ४,८४० फूट, म्हणजे जवळजवळ दीड किलोमीटर चाल होते. ताशी ४ किलोमीटर वेगाने एकराला बावीस मिनिटे लागतात. पानोरा भरल्यावर एकरी ४०० लिटर द्रावण धरले तर नोझलमधून मिनिटाला साधारण १८ लिटर बाहेर पडायला हवे. पंपाची क्षमता याहून बरीच जास्त हवी, कारण टाकीतले औषध ढवळत ठेवायलाही त्याच पंपातून पाणी परत जाते.

तीन एकरांना १,२०० लिटर लागते. ६०० लिटरच्या टाकीने दोन फेऱ्या, ४०० च्या टाकीने तीन, २०० च्या टाकीने सहा. प्रत्येक वेळी पाणी भरून औषध कालवायला पंधरा-वीस मिनिटे जातात. सकाळी सहाला सुरुवात केली तर ऊन चढायच्या आत, वारा सुटायच्या आत काम संपते का, हे टाकीच्या आकारावर ठरते. माझ्या मते तीन-चार एकरांना ४०० ते ६०० लिटरच्या मधली टाकी योग्य. दोन एकरांच्या आत बाग असेल तर स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याआधी भाड्याचा दर पाहा. मात्र पाऊस पडून गेल्यावर भाड्याचा ब्लोअर त्याच सकाळी तुमच्या वाट्याला येईल का, हेही त्याच हिशेबात धरा.

तिसरी पायरी: ब्लोअर लिफ्टवर घ्यायचा की ओढायचा

माझी चूक इथे झाली. विक्रेत्याने सांगितले, "४०० लिटरचा ब्लोअर हा ट्रॅक्टर सहज उचलेल." उचललाही. पण १५ ते १८ एचपीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन आठशे किलोच्या आसपास असते. ४०० लिटर पाणी म्हणजे ४०० किलो, त्यात टाकी, फॅन, पंप आणि सांगाडा मिळून आणखी दोनशे किलो, आणि हे सगळे मागच्या चाकांच्याही मागे लटकलेले. ओळ संपवून बांधाकडच्या चढावर वळताना पुढची दोन्ही चाके हलकी झाली. स्टिअरिंग पूर्ण फिरवले तरी ट्रॅक्टर सरळच गेला आणि टोकाच्या अँगलवर आदळला. ताणाची तार तुटली, तीन वेली गेल्या. सुदैवाने कोणाला लागले नाही.

लिफ्टची क्षमता माहितीपत्रकात सहसा खालच्या दोन हातांच्या टोकाशी सांगितलेली असते. औजाराचे वजन त्या टोकापासून दोन-अडीच फूट मागे असते, त्यामुळे प्रत्यक्षात उचलता येणारे वजन बरेच कमी भरते. आणि लिफ्ट उचलते म्हणून ट्रॅक्टर तोल सांभाळतोच असे नाही. औजार उचललेले असतानाही पुढच्या चाकांवर ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा राहायला हवा. नाहीतर पुढे वजने लावा, किंवा सरळ मागे ओढायचा, चाकांवरचा ब्लोअर घ्या.

ओढायच्या ब्लोअरचे वजन स्वतःच्या चाकांवर असते. त्याला वळायला जागा जास्त लागते, आणि उतारावर भरलेली टाकी ट्रॅक्टरला मागून ढकलते. बाग उताराची असेल तर ६०० ऐवजी ४०० लिटर घ्या आणि उतार ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. सपाट काळ्या जमिनीत माझे मत ओढायच्या ब्लोअरला.

चौथी पायरी: आता एचपी

बोनेटवरचा आकडा इंजिनचा असतो. पीटीओला, म्हणजे ज्या शाफ्टवर ब्लोअर आणि रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे औजार) चालतात तिथे, त्यातून साधारण दहा ते वीस टक्के कमी ताकद पोचते. मध्य प्रदेशातल्या बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. त्या अहवालात पीटीओची प्रत्यक्ष मोजलेली ताकद आणि लिफ्टची क्षमता असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागा.

१५ एचपीचे महिंद्रा युवराज २१५ किंवा स्वराज ७१७ हे एका सिलिंडरचे ट्रॅक्टर फणणी (फणांची हलकी मशागत), छोटी ट्रॉली आणि लहान टाकीच्या फवारणीला पुरतात. १८.५ एचपीचा व्हीएसटी शक्ती १८० डी अरुंद ओळीत चांगला चालतो. पण ६०० लिटरचा ब्लोअर चिखलातून ओढत त्याचा फॅन पूर्ण वेगाने फिरवायचा, तर २४ ते २८ एचपीच्या खाली जाऊ नका. कुबोटा बी २४४१ किंवा जॉन डिअर ३०२८ ईएन या गटात येतात, महिंद्राच्या जिवो आणि ओजा मालिकेतही त्याच ताकदीचे पर्याय आहेत. यातला कोणता घ्यावा हे मी सांगणार नाही. तालुक्याच्या ठिकाणी ज्याचा मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात तो घ्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर डाऊनी थांबत नाही.

पाचवी पायरी: चारही चाकांना ताकद, क्लच आणि गिअर

काळ्या जमिनीत वाफसा यायच्या आत, म्हणजे जमीन कामाजोगी सुकण्याआधीच, फवारणीला शिरावे लागते, म्हणून द्राक्षाला फोर व्हील ड्राइव्ह घ्याच. जास्तीचे पैसे का दिले ते पहिल्याच पावसाळी हंगामात समजते. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत टू व्हीलवर भागू शकते. डांबरी रस्त्यावर मात्र फोर व्हील काढून चालवा, पुढचे टायर लवकर झिजतात.

क्लचबद्दल विक्रेते फारसे बोलत नाहीत. सिंगल क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये क्लच दाबला की पीटीओचीही ताकद तुटते. पण फॅन जड असतो, तो फिरतच राहतो. त्याचा जोर शाफ्टमधून गिअरबॉक्सला पोचतो आणि क्लच दाबलेला असूनही ट्रॅक्टर हातभर पुढे सरकतो. ओळीच्या टोकाला तो हातभर फार महाग पडतो. ड्युअल क्लच किंवा स्वतंत्र पीटीओ असलेला ट्रॅक्टर घ्या.

पीटीओ ५४० फेऱ्यांवर असताना सगळ्यात खालच्या गिअरमध्ये ट्रॅक्टरचा वेग किती, तेही विचारा. रोटाव्हेटरला ताशी दोन-तीन किलोमीटर लागतात. सगळ्यात हळू गिअरसुद्धा त्याहून जोरात पळत असेल तर ढेकळे तशीच राहतात.

सहावी पायरी: बाकीची औजारे

रोटाव्हेटर ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचायला हवा, नाहीतर चाकांची दाबलेली पट्टी तशीच मागे राहते. साडेतीन फूट रुंदीच्या ट्रॅक्टरला तीन फुटी रोटाव्हेटर म्हणूनच अपुरा पडतो, आणि चार फुटीला २५ एचपीच्या आसपास ताकद लागते. घेतलात तर तीन-चार इंचांच्या खाली घालू नका. द्राक्षाची पांढरी मुळी वरच्या थरात आणि बोदालगत असते, ती तुटली की फुटीवर लगेच दिसते.

माझे स्पष्ट मत असे की पावसाळ्यात तण रोटाव्हेटरने मातीत घालण्यापेक्षा कापून जागेवर पसरू द्यावे. त्यासाठी गवत आणि काड्या बारीक करणारे श्रेडर मिळते. खरड छाटणीच्या काड्या बाहेर नेऊन जाळण्याची मजुरी वाचते आणि ते सगळे मातीत जाते. पैसे एकाच औजारापुरते असतील तर रोटाव्हेटरच्या आधी हे घ्या.

बाकी पाच फणांचा कल्टिव्हेटर, चारी घेण्यासाठी एक फण आणि एक छोटी ट्रॉली. पलटी नांगर बागेत लागत नाही, नवीन लागवडीपुरता भाड्याने आणा.

सातवी पायरी: स्वतःच्या बागेत चालवून पाहा

पैसे देण्याआधी ट्रॅक्टर आणि ब्लोअर दोन्ही तुमच्या बागेत बोलवा. टाकी काठोकाठ पाण्याने भरायला लावा, रिकाम्या टाकीच्या चाचणीला काही अर्थ नाही. सगळ्यात ओली ओळ आणि सगळ्यात अरुंद वळण निवडा. फॅन सुरू असताना इंजिनचा आवाज बसतो का ते ऐका. पानांच्या आतल्या बाजूला, घडाजवळ कागदाच्या पट्ट्या अडकवा आणि फेरीनंतर त्या सगळ्या ओल्या झाल्या का बघा.

जुना ट्रॅक्टर घेत असाल तर औजार उचलून इंजिन बंद करा आणि दहा मिनिटे थांबा. लिफ्ट खाली बसली तर आत खर्च आहे. पीटीओचा शाफ्ट हाताने हलवून पाहा, पुढच्या धुऱ्याला तेल गळते का पाहा, आणि आरसी बुकावर कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला आल्याशिवाय व्यवहार करू नका.

पैशांचे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भाग १८ वरून ५ वर. जुने कोटेशन हातात असेल तर नवे मागा. अनुदानासाठी महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर अर्ज करायचा असतो आणि पूर्वसंमतीचे पत्र येण्याआधी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही. घाईत बिल फाडून बसलेले शेतकरी मी पाहिलेत.

ट्रॅक्टर घरी येईल त्या दिवशी

पीटीओ शाफ्टवर प्लास्टिकचे आवरण बसवलेले आहे ना, ते शाफ्टबरोबर न फिरता हाताने थांबते ना, हे आधी पाहा. आवरण नसेल तर गाडीवरून उतरवून घेऊ नका. मिनिटाला ५४० फेऱ्या म्हणजे सेकंदाला नऊ. उपरण्याचे टोक किंवा साडीचा पदर गुंडाळला गेला तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. औषध कालवायला, नोझल साफ करायला बागेत घरातली सगळीच माणसे येतात. त्या प्रत्येकाला चालत्या शाफ्टपासून किती लांब उभे राहायचे, ते ट्रॅक्टर बंद असताना तिथे नेऊन दाखवा. मग शाफ्टच्या दोन्ही क्रॉसना (टोकांच्या सांध्यांना) ग्रीस भरा आणि टाकीत नुसते पाणी घेऊन पहिली फेरी मारा.